इंजिनाला बसलेली मूठ

"जोर लावा रंऽऽ! बोलतीया ती! अजून जोर लावा!"

१९८६ सालचा वैशाख. कोळवणच्या उतारावर त्या शनिवारी दुपारी निम्मं खोरं जमलं होतं. मधोमध एक लालभडक परदेशी मोटार उभी होती. तिच्या टपावर हळदकुंकू, पुढच्या आरशाला लिंबू आणि बिब्बा, आणि मागे पंधरा-वीस बाप्ये तिला रेटत होते. आत ड्रायव्हर नथू घामाने डबडबलेला. गाडी चार हात पुढे सरकली की तो गिअरात टाकून क्लच सोडायचा, आणि गाडीच्या पोटातून असा काही खडखडाट उठायचा, की बायका पदर तोंडाला लावून मागे सरायच्या.

गाडीच्या पुढे, तोंड तिच्याकडे करून, मोरपिसांचा कुंचा हलवत उलट्या पावलांनी चालला होता कुशाबा देवरुषी.

"कोन हायेस तू?"

खडखडखड.

"कुनी धाडलं तुला? बाई का बाप्या?"

खडखडखड.

"ऐकलंत का? बाई म्हनती! तीन डाव इचारलं, तीन डाव बाईच म्हनती!"

मला नुसतंच खडखड ऐकू आलं. पण मी लशींची पेटी खांद्याला लावून चार मैल तुडवत आले होते, तेव्हा माझे कान साध्या माणसाचेच राहिले असावेत. मी इथल्या उपकेंद्रातली नर्स. नोकरीचं सहावं वर्ष होतं आणि लोक मला नर्सबाई म्हणायचे. तापट आहे असंही म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

तिसऱ्या खेपेनंतर गाडीचा आवाजही बंद झाला. कुशाबाने कुंचा खाली केला, डोळे मिटले आणि निकाल दिला. "मूठ मारलीया. भाईर एक वरखडा न्हाई, अन् आतून समदं तुटलंय. मूठ अशीच बसती. मानसाला बसली तर मानूस रगत वकतं, यंत्राला बसली तर यंत्र बोंब मारतं. सकाळच्या पारी हितं या गाडीला कोन आडवं आलं व्हतं, त्ये इचारा डायवरला."

नथूने मान खाली घातली. सगळ्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं.

सकाळी काय घडलं, ते मला नंतर नथूनेच सांगितलं, आणि भिमाबाईनेही तसंच सांगितलं. भिमाबाई ही डोंगरावरच्या वाडीतली सुईण. करवंदं, मध, हिरडा विकून पोट भरायची, आणि खोऱ्यातल्या सात वाड्यांतली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली होती. त्या सकाळी खालच्या वाडीत एक बाई अडली होती. भिमाबाई धावत रस्त्यावर आली आणि तिने समोरून येणारी गाडी थांबवली. आत पुण्याचे खांबेटेसाहेब होते. त्यांनी वरच्या अंगाला नुकतंच फार्महाऊस घेतलं होतं, आणि ही गाडी त्यांच्या भावाने आखातातून धाडली होती. भिमाबाई हात जोडून म्हणाली, "सायेब, बाळंतीन अडलीया, तेवढं खालच्या वाडीपत्तुर सोडा." साहेबांनी तिच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि काच वर केली. मग भिमाबाईचं तोंड सुटलं. "जा! तुजीबी आडंल वाटंत!"

गाडी अर्धा फर्लांग पुढे गेली. साहेबांना डोंगराचा फोटो काढायचा होता म्हणून नथूने ती जांभळीखाली उभी केली, बंद केली. फोटो काढून झाल्यावर परत चालू करायला गेला, तर 'तट्ट' असा आवाज झाला आणि इंजिन मुकं झालं.

भिमाबाई मात्र तोवर पायीपायी खालच्या वाडीत पोचली होती. मूल आणि आई दोन्ही सुखरूप होती. ती गोष्ट गर्दीत कुणी काढली नाही.

संध्याकाळच्या आत बैल जुंपून गाडी गेणबाच्या भातगिरणीच्या अंगणात आणून ठेवली आणि तिथेच गावाची बैठक भरली. गेणबा हा खोऱ्यातला वजनदार माणूस. तो बोलला की इतर माना डोलवत. नथूने भीत भीत तोंड उघडलं. "मला वाटतं, आतला पट्टा तुटला आसंल. आमच्या गाडीला आत एक पट्टा आसतोय…"

गेणबा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "पट्टा? आरं, माज्या गिरनीचा पट्टा म्हैन्यातनं दोनदा तुटतोय! दोरा घालून शिवतो अन् परत चढवतो. पट्टा तुटला म्हनून माज्या इंजनाच्या पोटात कदी काय मोडलं का?"

"न्हाई!" सगळे म्हणाले.

आणि खरं सांगते, माझ्याकडेही त्याला उत्तर नव्हतं. भात पिकवणाऱ्या या खोऱ्यात प्रत्येकाने गिरणीचा पट्टा पाहिला होता. तो तुटला की जातं थांबतं, इंजिन आपलं भकभक चालूच राहतं. पट्टा तुटल्याने लोखंड मोडतं, हे त्यांच्या अनुभवाला धरून नव्हतं. कुशाबाने हे अचूक हेरलं. "पट्ट्यानं इंजन मोडत न्हाई, ह्ये शेंबडं पोरबी सांगंल. मग कशानं मोडलं?" एवढं विचारून तो गप्प बसला आणि उरलेलं काम लोकांच्या डोक्यांनी केलं.

निकाल असा लागला, की सोमवारी सूर्य उगवायच्या आत भिमाबाईने वाडी सोडायची, खोरंही सोडायचं. तोवर तिला कुणी पाणी द्यायचं नाही, आणि कुठल्याही बाळंतिणीच्या उंबऱ्यात तिने पाय ठेवायचा नाही. ती गेल्याशिवाय गाडी चालू होणार नाही, असं भाकीतही कुशाबाने करून टाकलं. मोडलेलं यंत्र चालू होत नाही, हे भाकीत करायला फार मोठी सिद्धी लागत नसावी.

आता कुशाबाचं दुखणं काय होतं, तेही सांगते. बाई अडली की पूर्वी त्याच्याकडे अंगारा आणायला माणूस धावायचा. मी आल्यापासून भिमाबाई मला बोलवायला माणूस धाडू लागली. हात उकळत्या पाण्याने धुऊ लागली, नवं ब्लेड मागू लागली. एकदा तर भर बाजारात ती म्हणाली होती, "अंगाऱ्यानं पोर आडवं असलं तर सरळ व्हतं व्हय?" कुशाबा तेव्हा हसला होता. माणसं अशी हसतात तेव्हा हिशेब पोटात ठेवतात.

मी तडक वाडीवर गेले. भिमाबाई दाराशी बसली होती. मला वाटलं होतं ती शिव्यांचा पट्टा सोडेल, पण ती आपल्या हातांकडे बघत होती.

"नर्सबाई," ती म्हणाली, "मी बोलले व्हते खरी. आडंल म्हनले, अन् आडली. माज्या जिभंत तसलं काय आसंल का वो?"

गावाने हिला नुसतं हाकललं असतं तर मी भांडले असते, पण हिचाच स्वतःवरचा विश्वास कुशाबाने चोरून नेला होता, आणि त्या चोरीची फिर्याद कुठल्या चौकीत द्यायची?

"भिमाबाई, एसटी तुझ्या फाट्यावर थांबत नाही तेव्हा तू काय म्हणतेस?"

"मुडदा बशिवला त्या डायवरचा, चाकं गळून पडू दे म्हनते. रोजच म्हनते."

"किती वर्षं?"

"फाटा झाल्यापून."

"एक तरी चाक गळलं?"

हसली नाही, पण नजर हातांवरून उचलून तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उद्या मी पौडहून अन्वरला आणते. इंजिनात काय झालंय ते इंजिन उघडूनच कळेल.

अन्वर मिस्त्री पौडच्या बाजारात गॅरेज चालवायचा. मुंबईत परदेशी गाड्यांच्या कारखान्यात पाच वर्षं काढून परत आलेला, कमी बोलणारा माणूस. माझं सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "बंद पडल्यावर ढकलली का हो कुणी?"

"वीस माणसांनी. तीनदा."

त्याने कपाळाला हात लावला आणि पाने-पक्कडांची पिशवी उचलली.

रविवारी सकाळी गिरणीच्या अंगणात पुन्हा जत्रा. काल पुण्याला गेलेले खांबेटेसाहेबही परत आले होते. मोठे पदवीधर गृहस्थ, पण त्यांच्या मनगटात कुशाबाचा काळा दोरा मला आल्या आल्या दिसला. "उघडून बघायला माझी हरकत नाही," ते म्हणाले, "पण यात फक्त मेकॅनिकल असं काही नाही, हे मला जाणवतंय."

भिमाबाईला मी सोबत आणलं होतं. ती आली तसे लोक दोन्ही बाजूंना सरकले. गेणबाची बायको धोंडाबाई हिने तर नातवाला पदराखाली झाकलं. तो नातू दीड वर्षापूर्वी भिमाबाईच्याच हातांवर जन्मलेला.

कुशाबा ओरडला, "उघडा, उघडा! आत बिब्बा घावंल न्हाईतर सुई घावंल! मंग म्हनू नगा कुशाबानं सांगितलं न्हवतं!"

"सांगून ठेवलंत ते बरं झालं," अन्वर म्हणाला. "गेणबानाना, तुमी माज्याजवळ बसा. माजे हात बघा. मी काय आत टाकतोय का, त्ये तुमी बघायचं."

इंजिनाच्या कडेचं झाकण निघालं. आत एक काळा रबरी पट्टा लोंबत होता, दोन तुकडे झालेला. अन्वरने तो ओढून काढला आणि गेणबाच्या हातात दिला. पट्ट्याला आतून दाते होते, त्यांतले कितीतरी झडलेले. बाकीचा पट्टा तेलाने फुगलेला, आणि वाकवला की भेगा पडत होत्या.

"आतून तेल गळत व्हतं, त्यानं रबर खाल्लं. साहेब, ह्यो पट्टा कदी बदलला व्हता?"

खांबेटेसाहेबांनी नथूकडे पाहिलं, नथूने साहेबांकडे. गाडी नऊ वर्षांची होती आणि पट्टाही नऊ वर्षांचाच होता.

"मंजी काल न्हाई तर ह्या आठवड्यात, पण ह्यो तुटनारच व्हता," अन्वर म्हणाला. "मावशी रस्त्यात आल्या नसत्या तरी."

"पट्ट्याचं सोडा!" कुशाबाने आवाज चढवला. "पट्ट्यानं लोखंड मोडतंय का, त्ये बोल!"

दीड-दोन तास अन्वर आणि नथू बोल्ट सोडत राहिले. ऊन चढलं तरी गर्दीतलं कुणी हललं नाही. मग दोघांनी मिळून इंजिनाचा वरचा भाग उचलून फळीवर पालथा घातला, आणि अन्वरने त्यातून एकेक व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाची झडप, काढून ओळीने मांडला. अळंबीला असते तशी वर टोपी आणि खाली दांडा. एकूण आठ. त्यांतले दोन सरळ होते, सहांचे दांडे वाकडे. बिब्बा नव्हता, सुई नव्हती.

"आता हिकडं बघा." अन्वरने इंजिनाचा खालचा भाग दाखवला. दट्ट्यांच्या, म्हणजे पिस्टनांच्या, माथ्यावर चंद्रकोरीसारख्या चकाकत्या ताज्या खुणा होत्या. व्हॉल्व्हची टोपी त्या खुणेवर ठेवली, तर बरोब्बर बसली. "नाना, तुमच्या गिरनीचा पट्टा इंजनाची ताकद भाईर नेतो. तुटला तर जातं थांबतं, इंजनाला काय फरक? ह्यो पट्टा न्यारा. ह्यो इंजनाच्या आतल्याच दोन अंगांचा मेळ राखतो. खालनं दट्ट्या वर येतो, त्या घडीला वरचा व्हॉल्व्ह मिटून बाजूला झालेला पायजे. जागा एकच, अन् दोगांनी ती पाळीपाळीनं वापरायची. तुमच्या इंजनात ह्ये काम लोखंडी दातेरी चाकं करत्यात, म्हनून तुमाला कदी दिसलं न्हाई. हितं रबराचा पट्टा करतो. त्यो तुटला की व्हॉल्व्ह उघडाच ऱ्हातो, अन् खालनं दट्ट्या येतो…"

बाप्यांच्या चेहऱ्यांवर काही उजाडत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "मंजी उखळावानी."

भिमाबाई पुढे आली होती. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच चारचौघांत बोलत होती.

"एका उखळात दोगी कांडत्यात. एकीचं मुसळ वर, तवा दुसरीचं खाली. ताल हाय तवर दोगींचीबी मुसळं चालत्यात. एकीचा ताल चुकला की मुसळावर मुसळ, न्हाईतर दुसरीच्या हातावर. मुसळात काय करनी आसती व्हय?"

"मावशी," अन्वर म्हणाला, "मला समजवायला मुंबईच्या मिस्त्रीनं सा म्हैने घेतले व्हते."

आणि बायकांमध्ये एकदम कुजबुज उठली. भात कांडलेलं नाही अशी बाईच त्या अंगणात नव्हती. धोंडाबाईने नातवावरचा पदर काढला आणि आपला उजवा हात वर केला. तिचं मधलं बोट पेरात वाकडं होतं. "ह्ये माजं बोट आसंच ग्येलं. जावंचा ताल चुकला व्हता." ती नवऱ्याकडे वळली. "व्हय वो, तवा माज्या जावंला कुनी मूठ मारनारी म्हनलं न्हाई त्ये?"

गेणबाने हातातल्या तुटक्या पट्ट्याकडे पाहिलं.

"अन् अजून एक," अन्वर म्हणाला. "नथू, तुटला तवा गाडी उभी व्हती ना? आवाज कसा आला?"

"नुसता तट्ट. खडखड न्हाई."

"तवा फार तर एखादा व्हॉल्व्ह वाकला आसंल. साधं काम व्हतं. बाकीची ही मोडतोड झाली ती गाडी गिअरात टाकून ढकलली म्हनून. चाकांनी इंजन फिरवलं, अन् फेऱ्यागनिक दट्ट्या जाऊन व्हॉल्व्हवर आपटला. काल खडखड ऐकली न्हवं तुमी? ती कुनाची बोंब न्हवती. ह्ये दांडे वाकत व्हते."

वीस बाप्ये आपापल्या तळहातांकडे बघायला लागले. मला राहवलं नाही.

"कुशाबा," मी म्हटलं, "गाडीला मूठ कुणी मारली ते आता कळलं. वीस जणांनी मारली, आणि 'जोर लावा' तुम्ही म्हणत होतात!"

पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं. पण देवरुषी असा सहजी मरत नाही. कुशाबाने कुंचा छातीशी धरला आणि आवाज मऊ केला. "आसंल, मिस्त्री म्हनतोय तसं आसंल. पर त्याच दिशी, त्याच घडीला पट्टा का तुटावा? गावाच्या मनात किंतू नगं. बाईनं देवाम्होरं एक नारळ फोडावा, चुकलं म्हनावं, अन् ऱ्हावं खुशाल वाडीत. आमचं कुनाशी वैर न्हाई."

"ह्ये बरं हाय," गेणबा म्हणाला. खांबेटेसाहेबही म्हणाले, "हो, उत्तम तोडगा." सगळ्यांचे चेहरे सैल झाले. आणि कबूल करायला लाज वाटते, पण माझाही झाला. एका नारळाने बाई वाचत असेल तर वाचू दे, असं माझ्या मनात आलं. मी भिमाबाईच्या कानाशी वाकले. "फोडून टाक गं. संपव एकदाचं."

ती माझ्यापासून एक पाऊल लांब सरली.

"न्हाई फोडायची. चुकलं म्हनले की मी क्येलं आसं व्हतंय. उद्या कुनाची म्हस मेली, कुनाचं पोर मेलं, की ह्यो म्हनंल, मागच्या डावाला तिनंच कबूल क्येलं व्हतं. तुमीबी आसं सांगावं, नर्सबाई?"

मी मान खाली घातली. ती गेणबासमोर जाऊन उभी राहिली.

"नाना, गिरनी चालू करा."

"आं?"

"माज्या जिभंत मूठ हाय न्हवं? चालू करा गिरनी. पट्टा चांगला शिवलेला हाय का बघून घ्या आदी. समद्या गावाम्होरं बगू माजी मूठ."

गेणबाचा चेहरा पडला. पट्टा शहाणपणाने समजून घेणं वेगळं आणि स्वतःची गिरणी पणाला लावणं वेगळं. कुशाबा पुटपुटला, "आसला आचरटपना करू ने, नाना…" तेव्हा धोंडाबाईच उठली. "मी घालते हँडल," म्हणाली. बायकोने हँडल घातलं तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, म्हणून गेणबा निमूटपणे आत गेला. इंजिन खोकलं आणि भकभक सुरू झालं, पट्टा फिरायला लागला.

भिमाबाईने पदर खोचला. आणि मग तिने त्या गिरणीला ज्या शिव्या घातल्या, त्या मी सरकारी नोकर असल्यामुळे इथे लिहीत नाही. "बंद पड! मोडून पड! तुज्या पोटात आग लागू दे!" दोन दिवसांची तहान, झाकलेली नातवंडं, वर केलेली काच, सगळं त्यात होतं. तिच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. आवाज बसेपर्यंत ती ओरडत राहिली.

गिरणी भकभक भकभक चालत राहिली.

भिमाबाई वळली. "आता ह्यास्नी सांगा," कुशाबाकडे बोट करत ती म्हणाली, "ह्यांनी बंद पाडून दावावी. कुंचा हाय, अंगारा हाय, देव हाय. मी बसते हितं."

कुशाबाला एकदम आठवलं, की त्याला मारुंजीला कुणाकडे तरी जायचं होतं. जाताना लोकांनी त्याला वाट करून दिली, पण पाया कुणी पडलं नाही. सोमवारी सूर्य उगवला तेव्हा भिमाबाई आपल्याच दारात चूल फुंकत होती.

हे सगळं गोड करून मला संपवता येत नाही. खांबेटेसाहेबांची गाडी पुण्याला जाऊन दुरुस्त झाली, आणि नव्या पट्ट्यासकट ते पुढच्या महिन्यात आले तेव्हा मनगटातला काळा दोरा तसाच होता. "तरी पण काहीतरी असतंच हो," ते मला म्हणाले. खोऱ्यातल्या बहुतेक घरांनी भिमाबाईला पुन्हा आत घेतलं. दोन घरांनी घेतलं नाही. त्यांतल्या एका घरात श्रावणात सून अडली. भिमाबाईचं घर हाकेच्या अंतरावर होतं, पण त्यांनी कुशाबाचा अंगारा मागवला. मला निरोप आला तोवर मूल गेलेलं होतं. मी त्या घरात उभी राहून वाट पाहिली, की आता तरी कुणीतरी विचारेल, हे कुणी केलं? कुणीही विचारलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. पट्ट्याला वय असतं, तेल लागलं की रबर कुजतं, आणि लोखंडावर लोखंड आपटलं की ते वाकतं. या गोष्टींना राग येत नाही, आणि कुणाच्या शिव्या त्यांना ऐकू जात नाहीत. काही मोडलं तर ते उघडा, आत बघा, जाणत्या मिस्त्रीला बोलवा, काय आधी झालं आणि काय नंतर ते विचारा. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण उत्तर सापडत नाही म्हणून एखाद्या बाईचं नाव घेऊ नका. आणि कुणी घेतलंच, तर निदान तिला माफी मागायला सांगू नका.